लीलाताई रिटायर होत नाही

सन दोन हजार तेवीस. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली पावसाळा सरता सरता कंपनीने कळवलं की लीलाताई रिटायर होतेय.

लीलाताई म्हणजे बाई नव्हे, रेडिओ. पुढे टू-इन-वन, मग टीव्ही, मग भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर. कंपनीने ठेवलेलं खरं नाव इंग्रजीत होतं, लायराटोन. पण हा उच्चार मी आयुष्यात फक्त मुंबईहून आलेल्या साहेबांच्या तोंडून ऐकला. इंदूरात आणि आजूबाजूच्या गावांत त्याला लीलाताई म्हणायचे, जास्तीत जास्त लीलाबई. याचं सगळं खापर माझ्या दुकानाच्या बोर्डावर फोडतात. फोडू देत. त्या बोर्डावरून कंपनीशी जी लढाई झाली ती आमच्या घराने जिंकली आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मी चौथी शिकलेला माणूस. दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलं, लिहितोय. शुद्धलेखन त्यांनी दुरुस्त करावं. बाकी काही दुरुस्त करायला गेले तर लेख परत मागून घेईन.

माझं दुकान स्नेहलतागंजात, स्टेशनाच्या बाजूला. खाली दुकान, वर घर. वडील कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी शाळा सोडून एका रेडिओवाल्याकडे राहिलो, हात भाजून घेत काम शिकलो आणि पंचविसाव्या वर्षी स्वतःचं दुकान टाकलं. कंपनीने मला त्यांचं सर्व्हिस सेंटर दिलं. बाहेरच्या लोकांना सांगतो, सर्व्हिस सेंटरवाला सेट विकत नाही. विकणारा वेगळा असतो, त्याला लोक पेढे देतात. आमच्याकडे माणूस येतो तोच तोंड वाकडं करून. आम्हाला कंपनीकडून दोनच गोष्टी मिळतात, असली पार्ट आणि नाव. नाव बोर्डावर लावायचं. ते नाव वाचून माणूस बसमधून उतरतो आणि बरोबर आपल्या दारात येतो. बोर्ड नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, गल्लीतले एक म्हातारे.

बोर्ड रंगवायला जो पेंटर होता तो पक्का माळव्याचा. पण मराठी लोकांच्या घरांवरच्या पाट्या रंगवून रंगवून त्याला वाटायचं, आपल्याला मराठी समजतं. मी त्याला तोंडी सांगितलं, "लिख भिया, लीराटोन रेडिओ सर्व्हिस." मी पण लीराटोनच म्हणायचो, इंग्रजी अक्षरं तशीच दिसतात. तेवढ्यात स्टेशनात इंजिनाने शिट्टी मारली.

"लीला ताई?" तो ओरडला.

"हां हां, लीराटोन!"

"समझ गया भाऊसाब. तुम मराठी लोगों में नाम के पीछे ताई लगता है."

संध्याकाळी बोर्ड आला. पिवळ्यावर लाल, अक्षर असं की देवळावर शोभावं. लीलाताई रेडिओ सर्व्हिस. कोपऱ्यात एक कमळ, जे मी सांगितलंच नव्हतं.

"ये क्या लिख मारा? टोन बोला था, टोन!"

"भाऊसाब, टोन कोई नाम होता है क्या? लीला के आगे ताई आएगा कि टोन आएगा?"

माझी बायको कुमुद, देवासची. लग्नाला वर्ष झालं होतं. ती वरून खिडकीतून वाचून खाली आली.

"ही लीला कोण?"

"कंपनी आहे."

"कंपनीला ताई म्हणतात?" एवढं बोलून ती वर गेली, आणि त्या दिवशी माझ्या पानात भाजी थोडी कमीच पडली.

मी ठरवलं होतं, उद्या पेंटरला बोलावून बोर्ड पुसून घ्यायचा. खरंच ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी पेंटरच्या आधी मुंबईहून कंपनीचा इन्स्पेक्टर आला. टाय लावलेला. बोर्डाकडे बघून म्हणाला, "यह हमारी कंपनी का नाम ही नहीं है. उतारो इसको. अनपढ़ आदमी को सेंटर दिया किसने?"

त्याने पहिल्या दोन गोष्टी बोलून तोंड बंद ठेवलं असतं तर बोर्ड त्याच दिवशी पुसला गेला असता. पण तिसरी गोष्ट बोलला, आणि माझं डोकं सरकलं.

"नहीं उतरेगा," मी म्हणालो. "जो लिखा है वो लिखा है."

त्याने सेंटर काढून घ्यायची धमकी दिली. काढलं नाही. त्यांच्या त्या सेटची आतली वायरिंग म्हणजे जिलबी होती, ती उघडायला इंदूरात दुसरं कोणी तयार होईना. बोर्ड राहिला. मग मी आयुष्यभर दोन्हीकडे भांडत राहिलो. कंपनीला सांगायचं, बोर्ड बदलणार नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं, इथे लीलाताई नावाची कोणी बाई नाही.

कंपनीने ऐकलं. गिऱ्हाइकाने ऐकलं नाही.

इंदूरजवळच्या सांवेरकडचे एक भेरूलालजी होते. गहू-सोयाबीनवाले, आवाज असा की त्यांना लाऊडस्पीकरची गरज नाही. पहिल्याच वर्षी ते रेडिओ उपरण्यात बांधून दुकानात आले.

"लीलाबई कां है?"

"कोई लीलाबई नहीं है. लाओ, मैं देखता हूँ."

"तम कौन?"

"मैं मालक."

"बोर्ड पे तो बई को नाम है," ते म्हणाले, आणि रेडिओ मांडीवर घेऊन बाकावर बसले. "म्हूँ बैठ्यो हूँ. बई आवेगी तो दूँगा."

मी त्यांना समजावलं, कंपनी समजावली, इंग्रजी समजावलं. ते मान हलवायचे आणि रेडिओ आणखी घट्ट धरायचे. तेवढ्यात कुमुद चहा घेऊन खाली आली. म्हातारा ताडकन उठला. "राम-राम लीलाबई!" म्हणत त्याने उपरण्यासकट रेडिओ तिच्या हातात दिला. एका हातात चहा, दुसऱ्या हातात ते धूड. तिने रेडिओ टेबलावर ठेवला कसला, आपटलाच. आणि रेडिओ बोलायला लागला. बोलला ते पण काय, तर मंडीचे भाव!

आता कोणत्याही मेकॅनिकला विचारा. आत कुठे तरी डाग सुटलेला असतो. डाग म्हणजे सोल्डरचा थेंब, जो दोन तारा धरून ठेवतो. तो तडकला की सेट मुका होतो, धक्का बसला की तारा टेकतात आणि सेट बोलतो. त्यात चमत्कार काही नाही. चार दिवसांनी तोच रेडिओ परत मुका झाला, मी उघडून नवीन डाग दिला, पुढे तो वर्षानुवर्षं चालला. पण सांवेरात बातमी पसरली ती अशी की इंदूरात लीलाबई आहे, तिने नुसता हात लावला की रेडिओ बोलतो.

त्यानंतर तिकडच्या प्रत्येक बसमधून एखादा तरी माणूस रेडिओ घेऊन उतरायचा आणि विचारायचा, "बई है?"

"नहीं है!" मी ओरडायचो.

कुमुदला या सगळ्याचा भयंकर राग. बाजारात कोणी लीलाताई म्हणून हाक मारली की वळून बघायची नाही. म्हणायची, "माझ्या आईबापाने बारसं करून कुमुदिनी नाव ठेवलं. त्या तुमच्या पेंटरने एका ब्रशात पुसून टाकलं. आणि तुम्ही शहाणे, एक बोर्ड बदलत नाही."

"बदलेन. त्या इन्स्पेक्टरने माफी मागितली की."

इन्स्पेक्टर काय, परत आलाच नाही.

पण ती खाली येऊ लागली. आधी चहा द्यायला, मग बघायला, मग हातात पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. जुन्या रेडिओत चावी फिरवली की काचेमागे काटा सरकतो, तो एका बारीक दोरीवर असतो. ती दोरी तीन-चार चाकांवरून, एका स्प्रिंगमधून, उलटी-सुलटी फिरून परत आपल्या जागी यावी लागते. तुटली की भलेभले मेकॅनिक हात टेकतात. माझी बोटं जाड. एकदा मी सकाळपासून एका दोरीशी झटत होतो, शिव्या देत होतो, आणि ती मागे उभी होती.

"सरका," ती म्हणाली. "रोज वाती वळते मी. ही दोरी काय घेऊन बसलात."

माझा चहा संपायच्या आत काटा इंदूर स्टेशनावर येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून दुकानातली प्रत्येक दोरी तिची. मी बाहेर कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सांवेरवाले जिंकले असते.

नाव मात्र कोणाचं ऐकत नाही. हळूहळू तिकडे कोणत्याही कंपनीच्या रेडिओला लीलाबई म्हणायला लागले. एक जण भलत्याच कंपनीचा सेट घेऊन आला, म्हणाला, "लीलाबई को आवाज बैठ ग्यो."

"ये दूसरी कंपनी की है, भिया."

"कंपनी कोई भी हो, है तो लीलाबई."

एकदा सांवेरकडच्या एका लग्नात मुलीच्या बापाने बैठकीत व्याह्यांना सांगितलं, "मुलीबरोबर लीलाबई पण पाठवू." व्याही लांबचे होते, त्यांना काय माहीत. नवऱ्याच्या आईने विचारलं, "तिचं वय काय?" बाप म्हणाला, "बिलकुल नवी है, अभी तो किसी ने हाथ भी नहीं लगाया." लग्न मोडता मोडता राहिलं. शेवटी मी डीलरकडून नवा टू-इन-वन आणवून बैठकीत ठेवला तेव्हा कुठे माणसं शांत झाली.

असे दिवस होते. झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीत वाजणारे अ‍ॅम्प्लिफायर आमचे, शाळेच्या प्रार्थनेचे आमचे. टीव्ही आले तेव्हा गच्चीवर एरियल फिरवणाऱ्या पोरांच्या तोंडी पण, "लीलाताई दिसली का रे?" मग हळूहळू सेट बदलले. बाहेरून तयार येऊ लागले, इथे फक्त नाव चिकटवायचे. उघडून बघावं तर आत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. सर्किटची पूर्ण पट्टी बदला, नाही तर फेका. डाग द्यायला जागाच नाही. मी कंपनीला सांगायचो, नाव चिकटवायचं तर नावाला शोभेल असं तरी काही बनवा. ते म्हणायचे, "जी अंकल, नोट कर लिया." माझ्या आयुष्यात ज्या लोकांनी नोट करून घेतलं, त्यांनी काही केलं नाही.

आणि मग तो फोन आला. आमच्या भागाचे एजंट जैनसाब. त्यांच्या वडिलांपासून ओळख.

"दादा, एक खबर है. लीलाताई रिटायर हो रही है."

"मतलब?"

"मतलब ब्रँड रिटायर. कंपनी बिक गई ना. नए मालक बोल रहे हैं, नाम पुराना लगता है. अब सब माल नए नाम से आएगा. अपने यहाँ हॉल में फंक्शन है. पुराना बोर्ड लेके आना, नया ले जाना. जिसने पुराना नहीं दिया, उसको पार्ट बंद."

नवीन नाव त्यांनी सांगितलं. तीन अक्षरं, उच्चारलं तर शिंक अडकल्यासारखं वाटतं. मी ते इथे लिहिणार नाही.

फोन ठेवला आणि मला एकच शब्द टोचत राहिला, रिटायर. माझे वडील रिटायर झाले नाहीत. मिल बंद झाली. एक दिवस भोंगा वाजला नाही, बस. शाल नाही, नारळ नाही, कोणी दोन शब्द बोललं नाही. ते गेटपर्यंत जाऊन डबा तसाच घेऊन परत आले आणि आईने तो डबा आम्हा भावंडांना वाढला. तेव्हापासून मला वाटतं, ज्याने काम केलं त्याला नीट निरोप तरी द्या. आणि जो अजून काम करतोय त्याला निरोप देणारे तुम्ही कोण?

संध्याकाळी मुलगा आला, संजय. राजेंद्र नगरला फ्लॅट आहे त्याचा.

"बाबा, आता नाव जातंय. पार्ट जातील. दुकान बंद करा आणि आमच्याकडे या ना. लिफ्ट आहे, बाग आहे."

"लिफ्ट बिघडलीय का?"

"नाही."

"मग मी तिथे काय करू?"

"आई, तू तरी सांग ना यांना."

कुमुद तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देऊन टाका तो बोर्ड. चाळीसच्या वर वर्षं झाली, परक्या बाईच्या नावाने हाका ऐकतेय. सुटेन एकदाची."

म्हणजे घरातच दोन मतं माझ्या विरुद्ध. बोर्ड गेला तर दुकान जाणार, दुकान गेलं तर मी लिफ्टमध्ये वर-खाली करत मरणार, एवढं सरळ होतं. मी ठरवलं, हॉलमध्ये जायचं आणि नाही म्हणायचं. फोनवर नाही म्हणणं म्हणजे भित्रेपणा, तोंडावर म्हणायचं. आणि ज्याच्यावरून भांडण आहे ती गोष्ट समोर पाहिजे, म्हणून बोर्ड पण न्यायचा. तो उतरवला, कुमुदने जुन्या चादरीत गुंडाळला, टेम्पो केला. ती म्हणाली, "मी पण येते. तुम्ही तिथे डोकं फिरवून घ्याल, परत आणायला कोणी हवं ना."

हॉल मोठा, गार. एका भिंतीशी उज्जैन, धार, देवास, सगळीकडचे जुने बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभे केले होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मी माझा बोर्ड तिथे ठेवला नाही. मांडीशी टेकवून बसलो. मनातल्या मनात भाषण तयार होतं. सुरुवात अशी होती, "साहेब, माझं वय एकोणसत्तर..." पुढे चांगलंच तिखट होतं.

फंक्शन करायला मुंबईहून एक मॅडम आली होती. गळ्यात पट्टा, कानात वायर, सारखी पळत. तिने जैनसाबना आधी फोनवर विचारलं होतं म्हणे, इंदूरच्या कार्यक्रमात खास काय करायचं? जैनसाब म्हणाले होते, "मॅडम, हमारी लीलाताई रिटायर हो रही है. पूरे मालवा में उससे बड़ा नाम नहीं. विदाई ढंग से होनी चाहिए." आता मुंबईच्या बिचाऱ्या पोरीला काय माहीत, इकडे रेडिओला ताई म्हणतात! ती समजली, कोणी जुनी, मोठ्या हुद्द्याची बाई आहे. तिने सगळं ढंगाने केलं. स्टेजवर फुलं लावलेली खुर्ची, ताटात शाल, नारळ, हार. पडद्यावर नवीन नाव फिरलं, टाळ्या झाल्या, कंपनीचे मोठे साहेब बोलले, आणि मग ती माइकवर आली.

"और अब हम सम्मान करेंगे उनका, जिन्होंने अपना पूरा जीवन इस कंपनी को दिया और आज हमसे विदा ले रही हैं. आदरणीय लीलाताई! कृपया मंच पर आएँ."

मग मागून कोणी तरी फुसकन हसलं. मग सगळे डीलर. जैनसाब कपाळाला हात लावून उभे, मॅडमला खुणा करतायत. मॅडमला वाटलं, ताईंना उठवायला सांगतायत. तिने परत हाक मारली, "लीलाताई? लीलाताई कहाँ हैं?"

मोठे साहेब शाल दोन्ही हातांत उघडून उभे. फुलांची खुर्ची रिकामी. माझ्या डोळ्यासमोर का कोण जाणे, मिलचा गेट आला.

तेवढ्यात सांवेरचा एक दुकानदार उठला. भेरूलालजींचा नातू, टीव्ही विकतो, आवाज आजोबांचाच. आमच्याकडे बोट दाखवून ओरडला, "अरे वो रही लीलाबई! दादा के पास बैठी है!"

सगळ्या माना वळल्या. मी कुमुदकडे बघितलं. मला वाटलं, आता ही त्या पोराला झाडणार. माझं नाव कुमुदिनी आहे, अगदी असं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पदर खोचला. आणि उठली.

"अगं कुठे?" मी म्हणालो.

"बोलावतायत ना मला," ती म्हणाली.

ती स्टेजवर गेली. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. हॉलमध्ये आधी हसणारे होते ते आता टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या थट्टेच्या नव्हत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या बापांचे रेडिओ तिच्या दोरीवर चालले होते. मॅडमने माइक पुढे केला, "ताई, दो शब्द?"

कुमुदने आयुष्यात माइक फक्त दुरुस्त केला होता, त्याच्यात बोलली नव्हती. पण बोलली.

"साहेब, शाल दिली, नारळ दिला, बहोत मेहरबानी. लेकिन मैं रिटायर-फिटायर नहीं हो रही. कल भी दुकान खुलेगी. आपका वो जो अंग्रेजी नाम है, लायरा-फायरा, वो आपका है. रिटायर करो, बेच दो, हमको क्या. लीलाताई तो आपने रखा ही नहीं. वो तो इन लोगों ने मेरा नाम रखा है. और बोर्ड पे मेरा नाम लिखा है. अपने घर पे लगा अपना नाम कोई उतार के देता है क्या?"

साहेब गोंधळले. जैनसाब धावत वर गेले, कानात काही सांगितलं. साहेब खाली माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो, चादर काढली आणि बोर्ड डोक्याच्या वर धरला. पिवळ्यावर लाल. कोपऱ्यातलं कमळ थोडं उडालं होतं.

साहेबांबरोबर त्यांचा कायद्याचा माणूस होता, चष्मा कपाळावर. तो पुढे आला, बोर्ड वाचला, परत वाचला, आणि म्हणाला, "सर, यह हमारी कंपनी का नाम ही नहीं है."

साहेब हसले. म्हणाले, "तो फिर रहने दो. इनके पार्ट भी चालू रखना."

माझं तिखट भाषण तोंडातच राहिलं होतं. पण एवढी संधी मी सोडणार होतो थोडीच. मी खालूनच ओरडलो, "साहेब, तुमच्या इन्स्पेक्टरने पण हेच म्हटलं होतं! फक्त त्याने अनपढ म्हटलं होतं, तेवढी माफी राहिलीय!"

साहेबांना काही समजलं नाही, पण माणूस सभ्य. त्यांनी हात जोडले. मी ती माफी धरली.

जेवणात सगळं होतं, शेव नव्हती. इंदूरात! मी मॅडमला तेवढं सांगितलं. तिने नोट करून घेतलं.

परत येताना टेम्पोत मागे आम्ही दोघं, मध्ये बोर्ड. धारच्या एका डीलरने त्याला आपल्या गळ्यातला हार घातला होता. कुमुद शाल पांघरून बसली होती, ऊन होतं तरी.

"तुला तर ते नाव नको होतं ना?" मी विचारलं.

"कुमुद म्हणून मला घरातली चार माणसं ओळखतात," ती म्हणाली. "लीलाताई म्हणून अख्खं सांवेर ओळखतं. इतकी वर्षं चिडून चिडून मीच ते नाव पाळलंय. आणि काल आलेले लोक स्टेजवर उभे राहून सांगणार, आता ही रिटायर? हे कोण सांगणारे?"

मग शाल सारखी करत म्हणाली, "आणि ती खुर्ची रिकामी बरी दिसत नव्हती."

घरी पोहोचलो तोवर संजयचा फोन. "आई, दिला ना बोर्ड?"

"कोणाचा बोर्ड? माझा?" ती म्हणाली. "तुझ्या त्या लिफ्टला सांग, वाट बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्या वेळी उठलो, शिडी लावली आणि बोर्ड नवीन स्क्रू मारून जागेवर चढवला. त्याच्या गळ्यातला हार तसाच ठेवला. शटर उघडलं, अगरबत्ती लावली. एवढ्यात बसमधून उतरलेला एक माणूस आला, काखेत जुना रेडिओ, वर बोर्ड वाचत वाचत.

"लीलाबई है क्या, दादा?"

तोंडात उत्तर तयार होतं, आयुष्यभर पाठ केलेलं. ते मी गिळलं.

"है ना, भिया. बैठो," मी म्हणालो, बाक पुसून दिला, आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, खाली ये. तुझं गिऱ्हाईक आलंय."